हॉक तुमची, लुडविग कुणाचा?

जर्मनीशी युद्ध पेटलं त्याच आठवड्यात लंडनच्या त्या क्लबात अध्यक्ष कर्नल हार्डकासलनी फर्मान काढलं, "जर्मन म्हणून जे काही असेल, ते दुपारच्या आत बाहेर!" सव्वीस वर्षं तिथं जेवण वाढणारा लुडविग मुकाट्यानं निघाला. त्याची ट्रंक तळघरातल्या वाइनचा कारभारी ट्रँटर यानं स्वतः फाटकापर्यंत पोचवली, आणि तेव्हापासून ट्रँटरचं डोकं तापलेलंच होतं.

रात्री जेवताना कर्नलनी हॉक ही आपली नेहमीची पांढरी वाइन मागवली. ट्रँटर रिकाम्या हातानं वर आला.

"हॉक बाहेर काढली, साहेब. तुमचाच हुकूम."

"डोकं फिरलंय का तुझं? हॉक म्हणजे आपल्या पणजोबांची वाइन!"

"ती जर्मनीतल्या होखहाइम गावची. पणजोबांना एवढं लांबलचक नाव घ्यायचा कंटाळा, म्हणून नुसतं हॉक. पुढं ऱ्हाइनकाठची सगळीच पांढरी वाइन हॉक झाली. बाटलीवर गावाचं नाव आहे, कधी वाचलं नाहीत का."

कर्नल म्हणाले, "असेल. पण इतकी वर्षं इथं मुरल्यावर ती आपलीच. जा, आण."

"आणतो की," ट्रँटरनं टोपी चढवली. "लुडविगलाही घेऊनच येतो."