शेऱ्याचा रकाना

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत क्लबात नाचायची त्रेचाळीस गाणी येऊन पडली होती. सव्वीस टेक-हाऊस, चौदा हाऊस आणि तीन अशी, की बनवणाऱ्यालाही ती कशात बसतात ते ठाऊक नसावं. खोलीत दोन स्पीकर, दोन टर्नटेबलं, एक मिक्सर, हेडफोनच्या तीन जोड्या, भिंतीला टेकवलेल्या सहाशे चाळीस रेकॉर्डी आणि टेबलाखाली यूपीएसचा काळा डबा. डब्यावरचा लाल दिवा सकाळपासून दर दोन सेकंदांनी लुकलुकत होता. मिनिटाला तीस वेळा. डेन्झिलने सवयीने मोजलं आणि सोडून दिलं.

अकरावं गाणं संपलं. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं : हॅट दबलेली.

हॅट म्हणजे गाण्याच्या वरच्या अंगाला वाजणारी झांजेसारखी बारीक चिसचिस. खाली ठोका, वर हॅट. नाचणाऱ्याचे पाय ठोक्यावर पडतात, पण त्याला जागेवर थांबू देत नाही ती हॅट. डेन्झिलने रकाना वर सरकवला. अकरापैकी नऊ गाण्यांपुढे हाच शेरा होता. मग त्याने मागच्या याद्या उघडल्या. महिन्याभरापूर्वीच्या शुक्रवारी अख्ख्या यादीत चार, मग नऊ, मग बारा, गेल्या शुक्रवारी सतरा. आज तर अकरातच नऊ.

आकडे एकाच दिशेने चालले होते. डेन्झिलला त्यातून एकच गोष्ट दिसत होती : जगभरच्या पोरांनी हॅट दाबायची फॅशन काढली आहे. गेल्या आठवड्यात यादीच्या माथ्यावर त्याने तसं लिहूनही टाकलं होतं, "हल्ली सगळेजण हॅटवर चादर घालून का झोपवतायत?"

या यादीवर त्याचं घर चालत होतं आणि नाव टिकून होतं. एकोणीस वर्षं त्याने क्लबांत गाणी वाजवली, आणि गेली सहा वर्षं दर शुक्रवारी नवी गाणी ऐकून, निवडून, प्रत्येकापुढे मिनिटाचे ठोके, लांबी आणि एक ओळ शेरा लिहून तो मुंबई, पुणे, गोव्याच्या दोनशे बारा डीजेंना पाठवत असे. पाचूबंदरच्या आळीतल्या या माडीवर शुक्रवारी जे ठरे, ते शनिवारी नाचणाऱ्यांच्या पायांत उतरे. लोक म्हणत, स्वतः ऐकायची गरज नाही, डेन्झिलने ऐकलंय ना.

फोन वाजला. टेबलावर तो थरथरला तेव्हा त्याला कळलं. अंधेरीच्या क्लबात वाजवणारा सुमेध होता. डेन्झिलने फोन डाव्या कानाला लावला.

"डेन्झिलभाई, काय दिलंस यार तू गेल्या यादीत एक नंबरला! सुई टोचल्यासारखं वाजलं. दोन मिनिटांत बारवाला धावत आला, म्हणाला, ग्लास फुटतील."

"तुमच्या सिस्टीमची वाट लागलीये. गाणं झकास आहे. त्या आख्ख्या यादीत सगळ्यांत मोकळी हॅट त्याचीच होती."

"मोकळी? अरे, कपडे काढून पळत सुटलीये ती! आणि माझीच सिस्टीम नाही. ऋतिकाने पुण्यात लावलं, सेम. बाणेरला एकाने लावलं, सेम. सगळे मला विचारतायत, डेन्झिलला राग आलाय का कोणाचा?"

"तीन सिस्टीमा खराब असू शकतात."

"असू शकतात," सुमेध म्हणाला. "तू बरा आहेस ना?"

डेन्झिल हसला, पण फोन ठेवल्यावर त्याने ते एक नंबरचं गाणं परत लावलं. छान होतं. स्वच्छ होतं. आजची गाणी अशी का नव्हती?

तेवढ्यात स्क्रीनवर जॅक्सनचा निरोप उमटला. जॅक्सन गोव्यात बसून रेकॉर्डीला शेवटचा हात देत असे, आणि सध्या त्याच्याकडे होती डेन्झिलची स्वतःची रेकॉर्ड. आयुष्यातली पहिली. तीनशे प्रती निघणार होत्या. पहिल्या बाजूच्या गाण्यातला ठोका म्हणजे पपांच्या बोटीचं इंजिन, जेट्टीवर उभं राहून डेन्झिलनेच टिपलेलं. जॅक्सनने ऐकून पाहायला पहिली प्रत पाठवली तेव्हा डेन्झिलने कळवलं, वरचे सूर उचल. दुसरी आली, त्याने कळवलं, अजून उचल. आता तिसरी आली होती.

निरोप असा होता : "चार वाजता रेकॉर्डीची मूळ चकती कापायला घेतायत. तिसरीच नक्की ना? माझ्या कानाला ती फार तिखट वाटते. एकदा कापली की संपलं."

डेन्झिलने 'तिसरीच' असं लिहिलं. पाठवणार, इतक्यात दार ढकलून जीना आत आली. त्याची बायको दुपारपाळीची नर्स होती. अंगावर गणवेश, हातात ओला टॉवेल.

"अरे, कान आहेत की भजी? मी खाली अंगणात कपडे वाळत घालतेय, तिथपर्यंत हा ओरडा येतोय. शेजारची लिडिया विचारून गेली, तुमच्याकडे काय गॅस लीक झालाय का!"

"कसला ओरडा?"

जीनाने टॉवेल खांद्यावर टाकला. मग वाकून तिने टेबलाखाली बोट दाखवलं. "बॅटरी संपलीये त्याची. सकाळपासून पीं-पीं करतोय."

लाल दिवा लागला, विझला. लागला, विझला. डेन्झिल खुर्चीवरून उतरला, गुडघ्यांवर बसला आणि उजवा कान डब्याला टेकवला. काही नाही. मान फिरवून डावा टेकवला. फार लांब, भिंतीपलीकडच्या घरात कुणीतरी काडी मोडावी, तसं काहीतरी होतं. दर दोन सेकंदांनी.

"ऐकू येतंय?" जीनाने विचारलं. तिच्या आवाजातली थट्टा संपली होती.

"येतंय," डेन्झिल म्हणाला.

तिने बटण दाबून डब्याचा आवाज बंद केला. "एव्हरशाईनला आमच्या लतिकाचं कानाचं क्लिनिक आहे. मी फोन करते. आजच जा." आणि उत्तराची वाट न पाहता ती खाली गेली.

जिन्यावर तिला वाट देऊन थॉमस वर आला. डेन्झिलचा बाप चौतीस वर्षं मच्छीमार बोटीवर इंजिनाजवळ बसला होता आणि आता त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. रोज सकाळी तो वर येई, स्पीकरशेजारच्या खुर्चीत बसे आणि लाकडावर पंजा ठेवून गाणी 'ऐके'. डेन्झिलने आपल्या रेकॉर्डीची तिसरी प्रत लावली. थॉमसने डोळे मिटले.

"तिसरा शिलिंडर मिस मारतोय," तो नको तेवढ्या मोठ्याने म्हणाला. "आता बोट चालवतो त्या जेन्सनला दहादा सांगितलं, नोझल बदल. आता हे जगभर वाजनार? लाज काढली माझ्या इंजिनाची!"

डेन्झिलला हसू आलं नाही. तो बापासमोर जाऊन बसला, ओठ दिसतील असा. "पपा, तुला पहिलं काय ऐकू येईनासं झालं?"

थॉमसने पंजा स्पीकरवरच ठेवला. "पयली शिटी गेली. कुकरची. मग चिमन्या. मग तुझी आई, ती हळू बोलायची ना. इंजिन मातुर शेवटपर्यंत ऐकू यायचं. म्हनून मी म्हनायचो, माझे कान बरे हायेत, मान्संच हळू बोलायला लागली." त्याने मुलाकडे नीट पाहिलं. "तू मान कधीपासून वळवतोस?"

"मी कुठे वळवतो?"

"आत्ता वळवलीस. डावा कान पुढं. तुझी आई मला म्हनायची, कोंबडीसारखा काय बघतोस."

स्क्रीनवर नऊ ओळींत 'हॅट दबलेली' लिहिलेलं होतं. डेन्झिलने ते वाचलं आणि झटकन हेडफोन उचलला. हेडफोन खराब असेल. तेही शक्य होतं. त्याने एक साधा सूर लावला, हजार हर्ट्झचा, आणि हळूहळू वर चढवत नेला. दोन हजार. तीन हजार. सव्वातीन हजाराच्या आसपास उजवीकडचा सूर पातळ होत गेला आणि मग तिथे नुसती जागा राहिली. डावीकडे तो क्षीण का होईना, होता.

म्हणजे हेडफोनची उजवी बाजू गेली. डेन्झिलने हेडफोन काढला, उलटा केला, उजवी बाजू डाव्या कानावर आणि डावी उजव्या कानावर चढवली. दोष हेडफोनात असता, तर तो हेडफोनाबरोबर डावीकडे गेला असता.

तो उजवीकडेच राहिला.

त्याने दुसरी जोडी घेतली. मग तिसरी. सहा वेळा तोच प्रयोग केला आणि सहाही वेळा तेच निघालं. थॉमस पाहत होता. काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं, किंवा पुरतं कळत होतं. खाली कोळणींची गडबड सुरू झाली होती. खिडकीतून बायांची तोंडं हलताना दिसत होती. जॅक्सनचा निरोप तसाच उघडा होता, त्याखाली न पाठवलेला एक शब्द.

अडीच वाजता तो एव्हरशाईन सिटीतल्या क्लिनिकमध्ये, लाकडी कपाटाएवढ्या खोलीत बसला होता. भिंतींना फोम, दाराला काच. काचेपलीकडे लतिका, तिशीची, केस करकचून बांधलेली.

"आवाज कितीही बारीक असला तरी बटण दाबायचं, सर. अंदाजाने नाही."

दार बंद झालं. पहिला सूर आला, त्याने बटण दाबलं. दुसरा, तिसरा. सूर बारीक होत चालले. डेन्झिलचा पाय आपोआप हलायला लागला. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. बरं चाललंय, त्याला वाटलं. अगदी बरं चाललंय. एकही चुकला नाही.

दार उघडलं. लतिका कागदाकडे पाहत आत आली.

"काम काय करता?"

"डीजे. म्हणजे गाणी निवडतो. डीजेंसाठी."

"वाटलंच." तिने कागद त्याच्यासमोर धरला. "इथे मधे मी सात वेळा काहीच वाजवलं नव्हतं. तुम्ही त्यातल्या पाच वेळा बटण दाबलंत. आणि बरोब्बर वेळेवर."

"मला ऐकू आलं."

"नाही आलं, सर," ती हलकेच म्हणाली. "पुढचा सूर तिथे यायला हवा, हे तुम्हाला माहीत होतं. परत करू या. या वेळी मी ताल मोडून वाजवणार, आणि तुम्ही पाय हलवायचा नाही."

डेन्झिलने पाय एकमेकांत अडकवले. दार परत बंद झालं. या वेळी त्याच्या हातातलं बटण बराच वेळ तसंच राहिलं. काचेपलीकडे लतिकाची बोटं हलताना दिसत होती. ती एक कळ दाबी, थोडं थांबे, दुसरी दाबी. तो तिच्या बोटांकडे पाहतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिने उठून खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ केली.

नंतर त्याने विचारलं, "औषधाने भरून येईल?"

"डॉक्टर सोमवारी बोलतील. पण अशा मोठ्या आवाजाने गेलेलं सहसा परत येत नाही. राहिलेलं सांभाळायचं. कागदावर पंचविसापर्यंतचा आकडा बरा; तो जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं." तिने कागदाची घडी घालून दिली. "जीनाताईंना काही सांगू का मी?"

"नको. मी सांगतो."

बाहेर पायऱ्यांवर उभं राहून त्याने घड्याळ पाहिलं. चारला वीस मिनिटं कमी. त्याने न पाठवलेला 'तिसरीच' खोडला आणि लिहिलं : "पहिली. तुझ्या कानाने ठरवलेली." पलीकडून लगेच अंगठा आला. मग त्याने सुमेधला फोन लावला, उजवीकडे धरून पाहिला आणि मुकाट्याने डावीकडे घेतला. "तुझी सिस्टीम बरी आहे," एवढंच तो म्हणाला.

सहाला यादी जायची असे. डेन्झिल घरी पोचला, तेव्हा थॉमस अजून वरच होता, बंद स्पीकरवर पंजा ठेवून पेंगत. त्याला न उठवता डेन्झिल टेबलाशी बसला. त्रेचाळीस ओळी होत्या. गाण्यांची नावं, ठोके, लांबी, हे सगळं मशीनने मोजलेलं होतं. ते त्याने तसंच ठेवलं. शेऱ्याच्या रकान्यातले नऊ शेरे एकेक करून पुसले. निवड केली नाही, क्रम लावला नाही.

शेवटी त्याने चव्वेचाळिसावी ओळ वाढवली. नाव : पाचूबंदर, बाजू पहिली. ठोके : एकशे चोवीस. लांबी : सहा मिनिटं बारा सेकंद. खिशातून लतिकाचा कागद काढून त्याने उलगडला, टेबलावर हाताने सपाट केला, आणि त्यावर पाहून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. मग यादी दोनशे बारा जणांना पाठवून दिली.

निवडणाऱ्याचे कान, चार हजार हर्ट्झला. डावा : पंचावन्न डेसिबल. उजवा : सत्तर.