दहावर गेलेला गुलाबी रंग

मी फिनॉल्फ्थॅलीन बोलतोय. नाव उच्चारताना तुमची जीभ अडखळेल. शाळेतल्या मुलींचीही अडखळते, म्हणून त्या मला नुसतं 'गुलाबी' म्हणतात. प्रयोगशाळेतल्या एका तपकिरी बाटलीत मी राहतो. मी मुळात रंगहीन. अल्कलीत पडलो की गुलाबी होतो आणि आम्ल वाढत गेलं की तो रंग सोडतो. याहून अधिक काही येत असल्याचा दावा मी कधी केला नाही. माझ्याविषयी मात्र एक खोटा कागद लिहिला गेला आहे. त्याबाबत मला जेवढं दिसलं, तेवढंच सांगतो.

मला मामांनी घडवलं. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. भाचरं एकही नसताना साऱ्या शाळेचे मामा. त्यांनी एक ग्रॅम पांढरी भुकटी तोलली, स्पिरिटमध्ये विरघळवली, मग कांडीनं ढवळत सावकाश पाणी मिसळलं. लेबलावर नाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहिली, कारण शाईवर स्पिरिटचा थेंब पडला की अक्षर पुसलं जातं.

माझ्या शेजारी मिथिल ऑरेंज असे, मुलींची 'नारिंगी'. आम्ही दोघंही दर्शक, पण आमची नजर सारखी नाही. धुण्याचा सोडा आम्लापुढे एका दमात हार मानत नाही. तो निम्मा संपला की माझा रंग जातो. पुढचं निम्मं मला दिसतच नाही. ते नारिंगीला दिसतं. मामा मुलींना बजावत, "सोडा असेल तर नारिंगीला हाक मारा गं. हा गुलाबी अर्ध्या वाटेतून घरी परततो."

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत सोडाच होता, आणि नारिंगीची बाटली कोरडी ठणठणीत.

"सर, भुकटीसुद्धा नाही," मामा म्हणाले. "महिन्यात दोनदा चिठ्ठी दिली तुम्हाला."

"अहो मामा, दर्शक तो दर्शक. गुलाबी ठेवा." रसायनशास्त्राचे सर हजेरीपत्रकातून मान वर न करता बोलले. "वीस मिलिलिटर हे उत्तर पोरींना पाठच असतं. थेंबाकडे बघतंय कोण?"

मामांनी मला उचललं, क्षणभर हातात धरलं आणि टेबलावर ठेवलं. त्या क्षणी ते आणखी काही बोलले असते तर, असं मला राहून राहून वाटतं.

थेंबाकडे बघणारी एक होती. वर्गातल्या मुली तिला 'मापाडी' म्हणत. आम्ल मोजून सोडणाऱ्या ब्युरेट नावाच्या नळीवरचा आकडा वाचताना ती गुडघ्यांत वाकून डोळा पातळीत आणायची, म्हणून हे नाव. तिची आई शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवत असे. मुलीला औषधनिर्माणाच्या पदविकेला जायचं होतं आणि त्यासाठी या प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होणं सक्तीचं होतं. नाहीतर आईशेजारचं शिलाईयंत्र तिच्यासाठी रिकामं होतंच.

बाराजणींच्या फ्लास्कमध्ये मी पडलो आणि बाराही ठिकाणी दहावर रंग सोडला. अकराजणींनी वहीत वीस लिहिलं. एकीनं तर ब्युरेटचा नळ उघडून द्रव वीसच्या खुणेपर्यंत वाहू दिला. पुरावा नको का! मापाडीनं तीनदा प्रयोग केला. दहा पूर्णांक एक दशांश, दहा, दहा.

"आकडा चुकतोय तुझा," शेजारीण कुजबुजली. "वीस लिही आणि मोकळी हो."

"रंग दहालाच जातोय गं."

"जाऊ दे ना! तो काय साक्षीला येणारे?"

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची वही पाहिली, मग खिशातला उत्तरांचा कागद पाहिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"बाकीच्यांचं वीस आलंय, बाळ."

"सर, मी तीनदा केलं."

"म्हणजे अकराजणी वेड्या आणि तू एकटी शहाणी?"

खोडरबर हाताशी होता; तिनं त्याला स्पर्श केला नाही. ती नापास झाली.

निकाल कळताच मामा सरांकडे गेले. सरांनी तोड सुचवली, "दर्शक माझ्या हातून बिघडला, असं लिहून द्या. मग तिची फेरपरीक्षा मागता येईल."

"बिघडलेला नाही तो. चुकीचा ठेवला होता."

"ते लिहिलं तर मी अडकतो आणि अर्ज इथेच पडून राहतो. पोरीचं भलं हवंय ना तुम्हाला?"

मामांनी सही केली. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही द्रावण बिघडलं नव्हतं.

परीक्षा मंडळाचं उत्तर महिन्याभरानं आलं: त्याच बाटलीतून अकराजणींचं उत्तर बरोबर आलं. सबब दर्शकात दोष नव्हता, फेरपरीक्षा नाही. शाळेला मात्र सहीचा कागद पुरेसा वाटला. निष्काळजीपणाबद्दल मामांना घरी बसवण्यात आलं. एकाच वेळी मी निर्दोषही ठरलो आणि बिघडलेलाही. दोन्ही निर्णय तिलाच आणि त्यांनाच भोवले.

किल्ल्या परत करायच्या दुपारी मामांनी मापाडीला बोलावून घेतलं. फ्लास्कमध्ये सोडा घेतला, माझे दोन थेंब टाकले, आम्ल सोडलं. दहावर रंग गेला.

"आता बघ," म्हणत त्यांनी फ्लास्क बर्नरवर ठेवला. द्रव उकळू लागला, बुडबुड्यांवाटे वायू निघून गेला आणि मी हळूहळू पुन्हा गुलाबी झालो. मामांनी आणखी आम्ल घातलं, पुन्हा उकळलं. असं करत करत वीसवर माझा रंग गेला, तो कितीही उकळलं तरी परतला नाही.

"तुझं दहा बरोबर होतं, पोरी. आम्हीच तुला निम्मं अंतर दाखवणारा वाटाड्या दिला."

"मग मी त्या दिवशी वीस लिहायला हवं होतं का, मामा?"

मामा ब्युरेट धुऊ लागले. एकदा धुतली, दुसऱ्यांदा धुतली, उलटी करून स्टँडला लावली. "येते मामा, उद्यापासून सकाळची पाळी आहे," असं म्हणून ती निघून गेली.

मी अजून त्याच फळीवर आहे. लेबलावर कुणीतरी लाल फुली मारली आहे, तरी दुसरा दर्शक नाही म्हणून मलाच बाहेर काढतात. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या हाती कधी अशी बाटली आलीच, तर समोर काय आहे ते आधी पाहा, मग आमच्यातला कोण हवा ते ठरवा. आणि आम्ही दाखवू ते निदान बघा तरी.

आज पुन्हा परीक्षा होती. एका मुलीनं माझे दोन थेंब फ्लास्कमध्ये टाकले. मी गुलाबी झालो. नळ अजून उघडायचा होता. तिनं वही ओढली आणि वीस लिहिलं.