खोक्यावर लिहिलेलं माझं नाव

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे, मनगटाचा. माझ्या पोटाशी एक हिरवा दिवा आहे. त्याच्या उजेडात मी माणसाच्या नाडीचे ठोके मोजतो आणि समोरच्या पडद्यावर पाठवतो. काम एवढंच, पण त्याचा मला कायम धसका. चुकलो तर काय होईल, आणि बरोबर निघालो तर काय होईल, या विचाराने माझा जीव सदा टांगणीला लागलेला असतो.

कारखान्यात एका बाईंनी भिंगातून बघत माझा दिवा बसवला. दहा मनगटांवर परीक्षा देऊन मी पास झालो आणि खोक्यात जाऊन बसलो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘अचूक’ असं छापलं होतं. ते वाचून मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

तिथून आलो तो विद्यापीठात. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गात डिजिटल आरोग्य तंत्रज्ञान हा विषय चालतो. शिकवणाऱ्या मॅडम बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. पहिले काही महिने माझं भारी कौतुक झालं. जो तो मला बांधून बघायचा. मग माझ्या हातून ते घडलं.

उपकरणं सांभाळणारे काका एकदा मला सैलसर बांधून डबा खायला बसले. हात हलत होता, फटीतून बाहेरचा उजेड शिरत होता, मला काही धड दिसेना. घाबरून मी पडद्यावर लाल इशारा दिला. झालं! एकच पळापळ. लोकांनी तोंडात घास असलेल्या काकांना उचलून रुग्णवाहिकेत घातलं. “अहो, मला काही झालेलं नाही, जेवू द्या की!” असं ते ओरडत होते. कोण ऐकतंय? तपासणीत निघालं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी खोक्यावरचं ‘अचूक’ खोडलं आणि जाड पेनाने लिहिलं, ‘खोटारडा’. काका तर आजही कपाट उघडलं की विचारतात, “काय रे, आज कोणाला पोचवतोस?” मला फार लागतं ते.

पण मॅडमनी मला टाकलं नाही. दरवर्षी सहावा तास माझा असे. त्या मला मुद्दाम सैल बांधत आणि हात हलवत फळ्यापुढे येरझाऱ्या घालत. मी गोंधळून वेडंवाकडं काहीतरी दाखवी, पडद्यावर लाल इशारा झळके आणि वर्ग खो खो हसे. मग त्या पट्टा घट्ट करून हात टेबलावर स्थिर ठेवत. मी शहाण्यासारखा बहात्तरवर येई. “यंत्र ओरडलं की आधी पट्टा बघा,” त्या सांगत, “मग माणूस बघा. त्याच्या नाडीवर आपली दोन बोटं ठेवा, पूर्ण एक मिनिट.” अशी नऊ वर्षं गेली. चुकण्याचंच काम होतं, ते मी इमानाने केलं.

यंदा सहाव्या तासाला मॅडम दारात क्षणभर चौकट धरून उभ्या राहिल्या. मग नेहमीसारखं सगळं झालं. सैल पट्टा, येरझाऱ्या, हशा. त्यांनी मला घट्ट केलं, हात टेबलावर ठेवला. मी बहात्तरची वाट बघत राहिलो.

मित्रांनो, तो आकडा आलाच नाही. एकशे अडतीस! दोन ठोके लगोलग, मग मोठी फट, मग तीन घाईघाईने. मी स्वतःचाच दोष शोधायला लागलो. फटीतून उजेड शिरत नव्हता, हात हलत नव्हता, दिवा स्वच्छ होता. आता काय करू? पुन्हा खोटा ठरलो तर कचऱ्याची टोपली ठरलेली. आणि खरा ठरलो तर? ते तर त्याहून वाईट. शेवटी मन घट्ट करून मी लाल इशारा दिला.

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. “म्हातारा झालाय हा. आता घट्ट बांधूनही थापा मारतो!” असं म्हणत त्या मला सोडायला लागल्या. पट्टा निघाला की सगळं संपलं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. वीस वर्षं रुग्णालयात परिचारिकेचं काम करून आता शिकायला आलेल्या. वर्ग त्यांना सिस्टरच म्हणतो.

“मॅडम, पट्टा बघून झाला,” त्या म्हणाल्या. “आता माणूस.”

“अहो सिस्टर, बसा तुम्ही. पेपर तपासून दमलेय, एवढंच.”

“बसते ना. तुम्हीही बसा. हात द्या इकडे.”

सिस्टरनी दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. पूर्ण एक मिनिट. इतकं लांबलचक मिनिट मी आयुष्यात मोजलेलं नाही.

“जिना चढताना धाप लागते?” सिस्टरनी विचारलं.

“पंधरवडा झाला,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“घरी सांगितलंत?”

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. सिस्टरनी हात न सोडता हाक मारली, “काका, गाडी बोलवा.” काका धावत आले. त्या दिवशी त्यांनी माझी थट्टा केली नाही.

मग मी कपाटात. वर्ग दुसरे सर घेत होते. दाराआडून मी तो खणखणीत आवाज शोधत राहायचो. मॅडम कशा आहेत, हे पट्ट्याला कोण सांगणार? माझी बॅटरी उतरत चालली. वीस टक्के, मग नऊ, मग चार. कळण्याआधीच विझतो की काय, याचीच धास्ती लागली होती.

चौथ्या आठवड्यात कपाट उघडलं. समोर मॅडम! जरा उतरलेल्या, पण उभ्या.

“डॉक्टर म्हणाले, ठोके असे अनियमित पडले की हृदयात रक्ताची गाठ धरू शकते. आणखी उशीर केला असता तर ती मेंदूत गेली असती,” त्या काकांना सांगत होत्या.

“मग आता खोक्यावरचं नाव पुसायचं ना?” काकांनी विचारलं.

मॅडमनी थोडा विचार केला. “नको. चुकतो तो, हे खरंच आहे.” आणि त्याच जाड पेनाने खाली एक ओळ लिहिली, ‘तरीही माणूस बघा.’

मित्रांनो, माझा दिवा पुसत जा, पट्टा नीट बांधत जा. मी थापा मारतो हे माझ्या खोक्यावरच लिहिलंय, त्यामुळे तुम्ही सावध असता. पण “दमलेय, एवढंच” असं म्हणणाऱ्या माणसावर कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं. त्याच्या नाडीवर दोन बोटं ठेवा. पूर्ण एक मिनिट.