पळसबर्डीची बारा घरं

भगवानरावांचं पत्र अमेरिकेहून निघालं की पंधरा दिवसांनी बाभुळगावला पोचायचं, आणि ते पोचलं की वामनरावांचं कामात लक्ष लागत नसे. वामनराव ब्लॉक ऑफिसात ओव्हरसिअर होते, वय सव्वीस. थोरले भाऊ भगवानराव स्कॉलरशिप मिळवून फिलाडेल्फियाला इंजिनियरिंग शिकत होते आणि सुट्टी लागली की बसनं गावोगाव हिंडून घरं बघत होते. घरंच. धबधबे नाहीत, उंच इमारती नाहीत. एकाला एक लागून, सामायिक भिंतीची, ओळीनं उभी असलेली साधी घरं.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत आलेल्या पाकिटात चौदा फोटो होते.

"वामन," दादांनी लिहिलं होतं, "ओळीतली घरं इथूनतिथून सारखीच असणार असं मी धरून चाललो होतो. साफ चुकलो. फिलाडेल्फियात काही घरं इतकी लहान की एका मजल्यावर एकच खोली, अशा तीन खोल्या एकीवर एक. जवळच्याच बाल्टिमोरला विटा त्याच, ओळ तीच, पण दारापुढे पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या, आणि बायका त्या घासून घासून लख्ख ठेवतात. कॅनडात माँट्रियलला जिना घराबाहेर काढलाय, लोखंडाचा, वळणावळणाचा. बर्फ पडतो तरी बाहेर! सॅन फ्रान्सिस्को टेकड्यांवर वसलंय, तिथं एक घर दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बसल्यासारखं दिसतं. ओळ एकच, पण जशी जमीन तशी ती वळवून घेतलेली."

वामनरावांनी पत्र तीनदा वाचलं आणि ताडकन उठले. टेबलावर गेल्या महिनाभरापासून एक फाईल अडून पडली होती. पळसबर्डी तांड्याची.

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या भर दुपारी त्या तांड्यातल्या बारा झोपड्या जळून गेल्या होत्या. सरकारनं बारा पक्की घरं मंजूर केली, पण मिळणाऱ्या विटा एवढ्याच की दोन घरांत मिळून एक भिंत धरली तरच त्या पुरणार. नकाशाही आला होता: नाल्याकाठच्या सपाट जागेवर सरळ रेघेत बारा खोल्या. तांड्यानं तो बघितला आणि अंगठे द्यायला नकार दिला. येत्या गुरुवारी डेप्युटी इंजिनियर स्वतः येणार होते. तोवर तांडा तयार झाला नाही तर घरं दुसऱ्या गावाला जाणार होती.

त्या दिवशी सोमवार होता. वामनरावांनी पाकीट सदऱ्याच्या आत घातलं आणि सायकल काढली.

तांड्याचे नायक खेमसिंग कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी आधीच हात वर केला.

"सायेब, तेच सांगाले आले असान तं पानी प्या आन् जा. एका दावनीले बारा बैल बांधतात. मानसं नाई बांधत."

"सांगायला नाही आलो, नायक. दाखवायला आलो."

वामनरावांनी गोधडीवर फोटो मांडले. बघता बघता सगळा तांडा भोवती जमला. इतकी पक्की घरं, आणि तीही एकमेकांना चिकटलेली, हे कुणालाच खरं वाटेना.

"हे अमेरिकेचे गरीब हायेत का?" लालीबाईनं विचारलं.

"गरीबही राहतात, श्रीमंतही राहतात. आमचे दादा स्वतः असल्याच घरात राहतात."

म्हाताऱ्या हिरासिंगांना माँट्रियलचा जिना एकदम आवडला. तसाच जिना पाहिजे, ते म्हणाले. कौलांच्या छपरावर जिना नेऊन काय करणार, असं सगळ्यांनी समजावलं. "बसीन," ते म्हणाले. हशा पिकला, आणि कित्येक दिवसांनी नायकही हसले.

एक बाई मात्र हसत नव्हती. तिनं बाल्टिमोरचा फोटो डोळ्यांजवळ धरला होता. भीमसिंगाची बायको रुक्माबाई. यवतमाळला शाळेची इमारत बांधली जात होती तेव्हा तीन वर्षं तिनं डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. भिंत तिला कळत होती.

"सायेब, ही भिंत छपराच्या वर काहून गेली?"

वामनराव वाकले. खरंच, दोन घरांमधली प्रत्येक भिंत छपरातून वर डोकं काढून उभी होती. दादांनी त्याबद्दल पत्राच्या शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या त्यांनी तीनदा वाचूनही मनावर घेतल्या नव्हत्या. आता मोठ्यानं वाचल्या: "मधली भिंत छपराच्या वर नेतात ती आगीसाठी. एका घरानं पेट घेतला तर जाळ शेजारच्या छपरावर जाऊ नये म्हणून."

जमलेली माणसं फोटोवर वाकली.

"आमचीवाली घरं तं वेगळी होती ना?" रुक्माबाई हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "दोन दोन हात जागा होती मधात. कोनाची भिंत कोनाले लागत नव्हती. मंग बारा कशी जळली?"

मागे उभ्या असलेल्या बसंतीबाईकडे कुणी बघितलं नाही. बसंती रुक्माबाईची धाकटी जाऊ, हरिसिंगाची बायको. ठिणगी तिच्या चुलीतून उडाली होती. कुणी तिला तोंडावर बोललं नव्हतं, पण दोन वर्षांत तिच्या चुलीतला विस्तव कुणी मागून नेला नव्हता. रुक्माबाईनंही नाही.

"आन् ह्या फोटूत," रुक्माबाईनं सॅन फ्रान्सिस्को उचललं, "ही घरं तं बर्डीवर चढून राह्यली! मंग आमाले नाल्यात काहून उतरोता?"

वामनरावांनी तो फोटो पुन्हा हातात घेतला. आपण दादांचं पत्र तीनदा वाचलं आणि तिनं एकदाच बघितलं.

"बाई, या तांड्यामागच्या टेकडीवर, बर्डीवर, ओळ बसेल का? तुम्हाला काय वाटतं?"

"वाटून काय होते? आखून पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव चुन्याची दोन पोती घेऊन पोचले, तर तांडा आधीच बर्डीवर चढला होता. दोरखंड आणले होते, खुंट्या ठोकल्या होत्या. कागदावरचा नकाशा कुणाला वाचता येत नव्हता, म्हणून रुक्माबाईनं ठरवलं होतं की घरं जमिनीवरच काढायची, खऱ्या मापाची. वामनराव टेप धरत, भीमसिंग दोर ताणी, बायका मुठीनं चुना सोडत. चढावर एक खोली उमटली. तिच्या वरच्या अंगाला, एक पायरी उंच, दुसरी. मग तिसरी. दुपारपर्यंत लालसर मातीवर बारा घरांची पांढरी शिडी वर चढत गेली होती, आणि माणसं तिच्यात शिरून बघत होती.

"हे दार ना? मी आत आली पाहा!"

"अगं, भिंतीतून आली तू! दार तिकडे हाय!"

लालीबाईनं तीन दगडांची चूल मांडून बघितली आणि धूर कुठून जाईल ते विचारलं. हिरासिंग एका खोलीत आडवे झाले, आणि पाय बाहेर येतात अशी तक्रार केली. खोलीच्या मधोमध डोकं ठेवून झोपले होते. वामनराव इकडून तिकडे धावत होते. त्यांचा आवाज बसला होता, कपडे चुन्यानं भरले होते. घर असं आधी अंगावर घालून बघता येतं हे त्यांना कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मग खरी अडचण आली. भिंत सामायिक, पण कुणाची कुणाशी?

डोंगरसिंग आणि भावसिंग यांचं बैलावरून बोलणं बंद होतं. त्यांच्या मधे लालीबाईला घातलं. "मी दोघायचंही ऐकून घेईन," ती म्हणाली, "आन् दोघायलेही सांगीन." नायकांनी सर्वांत वरचं घर घेतलं, तिथून सगळा तांडा दिसत होता. एकेक जण आपापल्या चौकोनात उभा राहत गेला. शेवटी खालच्या टोकाचं घर उरलं, आणि ओळीच्या बाहेर, दोरखंडाजवळ, बसंती आणि हरिसिंग उरले.

"टोकाचं घर चांगलं," कुणीतरी म्हणालं. "एकच भिंत लागते."

पण ती एक भिंत लागून असलेलं, वरून अकरावं घर डोंगरसिंगाचं होतं, आणि डोंगरसिंगाची बायको मान खाली घालून पायानं चुना पुसत होती. तिची जळलेली झोपडी बसंतीच्या शेजारीच होती. तिच्या लग्नातली चांदी त्या आगीत वितळली होती.

"मी नाई म्हनत नाई," ती म्हणाली, "पन मले झोप नाई लागनार."

बसंती वळली. "आमाले वेगळंच बांधून द्या सायेब. नाल्यापाशी. आमी राहून घेऊ."

रुक्माबाई तोवर वरून आठव्या, भावसिंगाच्या लगतच्या घरात उभी होती. ओळीच्या आत, वाऱ्यापासून आडोशाची, हट्टानं मागून घेतलेली जागा. ती तिथून निघाली आणि मधल्या घरांतून, त्यांच्या भिंती ओलांडत खाली आली.

"वैनी, तू माह्या जागी जा," तिनं डोंगरसिंगाच्या बायकोला सांगितलं. "हे घर माहं."

"पाहा बरं, रुक्माबाई," नायक वरून म्हणाले.

"पाह्यलं. ही भिंत छपराच्या वर दीड हात जाईन. मी रचलेल्या हायेत असल्या भिंती, मले मालूम हाय किती पक्की होते." मग बसंतीकडे बघून, दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी सरळ बोलली, "ये ना वं. उभी काय राह्यली?"

बसंती आली. चुन्याच्या रेघेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोघी उभ्या राहिल्या. बसंतीनं तोंडावर पदर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. डोंगरसिंग आपली जागा सोडून वर जायला लागला आणि वाटेत भावसिंगाच्या चौकोनापाशी आल्यावर घुटमळला.

"आता मी तुह्या बाजूले येऊन राह्यलो. बोलशीन का?"

"पाहू," भावसिंग म्हणाला. लालीबाईनं दोघांच्या मधे राहायची आता गरजच उरली नव्हती, तरी ती तिथून हलली नाही.

गुरुवारी डेप्युटी इंजिनियरांची जीप नाल्यापाशी थांबली. तिथं कुणीच नव्हतं. त्यांनी वर बघितलं. सबंध बर्डीवर पांढरी घरं आखलेली, आणि प्रत्येक घरात त्या घरची माणसं उभी.

ते चढून आले. वाटेतल्या पहिल्या घरात शिरताना त्यांनी, का कोण जाणे, चुन्यात सोडलेल्या दारातूनच पाऊल टाकलं. वामनरावांना तेव्हाच वाटलं, झालं काम.

"नकाशा सपाट जागेचा आहे," साहेब म्हणाले. "चढावर पायाला दगड जास्त लागेल. तो कुठून आणायचा?"

"नाल्यातून," रुक्माबाई म्हणाली. "दगड आमचा, मेहनत आमची. तुमी इटा द्या."

"आणि छपरावर दीड हात भिंत कशाला?"

तिनं बाल्टिमोरचा फोटो पुढे केला. तो चार दिवसांत इतक्या हातांतून गेला होता की कोपरे मऊ पडले होते. साहेबांनी फोटो बघितला, मागं वळून बर्डी बघितली, मग वामनरावांना म्हणाले, "तुमची कल्पना?"

"नाही साहेब. या बाईंची."

साहेबांनी पेन्सिल काढली. दीड हाताचा एक हात केला, विटा मोजून. बाकी ओळ होती तशी नव्या कागदावर उतरवून घेतली. नायकांनी सर्वांत आधी अंगठा उमटवला आणि तो डोक्याच्या पागोट्याला पुसला. रुक्माबाईनं तसंच केलं असतं, पण तिच्या डोक्यावर आरशांची ओढणी होती, म्हणून तिनं तो भीमसिंगाच्या सदऱ्याला पुसला.

होळी आटोपली आणि पाया खणायला सुरुवात झाली. दगड नाल्यातून माणसांच्या साखळीनं वर आले. वामनराव रोज यायचे, रविवारीही. दादांना त्यांनी लिहिलं की दादा, तुम्ही पाहिलेल्या गावांत आणखी एक गाव धरा, इथं ओळ खालून वर चढते आणि पायऱ्यांना संगमरवराऐवजी काळा दगड आहे.

अकराव्या आणि बाराव्या घरामधली भिंत वैशाखाच्या आत छपराच्या वर एक हात गेली. गवंडी जेवायला उतरला होता. रुक्माबाई या बाजूनं विटांमधल्या फटी, दरजा, चुन्यानं भरत होती, बसंती त्या बाजूनं.

"बसंती!" रुक्माबाईनं भिंतीवर थाप मारली. "ऐकू येते का?"

पलीकडून काही आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, जोरात.

"आता आलं," बसंतीचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. "कायले ओरडता?"

"पाहून राह्यली. भिंत पक्की झाली. चहा ठेव, चुलीवर."

"माह्या चुलीवर?"

"मंग कोनाच्या?" रुक्माबाई म्हणाली, आणि भांडं आणायला उठली.