खोका एक, बाटली दुसरी

दुपारी बाळाचं अंग पुन्हा तापायला लागलं, आणि नेमकं घरात दुसरं कोणी नव्हतं. सासरे गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेले होते, सासूबाई त्यांच्यासोबत. नवरा ट्रक घेऊन दोन दिवसांच्या फेरीवर. निघताना सासूबाई दारात तीनदा घुटमळल्या होत्या. "थांबू का गं मी?"

"जा हो आई. मी काय पहिल्यांदा सांभाळतेय तिला?" ती तोऱ्यात म्हणाली होती.

तिला स्वतःला जन्मापासून दिसत नव्हतं. बँकेच्या फोनवर आठ वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकलेली बाई, सहजासहजी गडबडायची नाही. आता बाळंतपणाच्या रजेवर होती. नवऱ्याने तिच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. बारकोड कॅमेऱ्यासमोर धरला की वस्तूचं नाव बोलून दाखवायचं. त्यातल्या बाईला घरात सगळे 'मास्तरीण' म्हणत.

तिने पोरीला खांद्यावर टाकलं आणि औषधांच्या फळीवरचा खोका उचलला. एक बाजू, दुसरी बाजू, तळ. मास्तरीण गप्प. पोर रडून रडून घोगरी झाली होती. पुन्हा फिरवला. टुं! 'लहान मुलांचं तापाचं औषध.'

हुश्श करून तिने बाटली बाहेर काढली आणि हात थबकला. बाटली हलकी होती. परवा डॉक्टरांनी दिल्यावर एकच डोस झाला होता, मग अर्धी कशी?

तिने फळी चाचपली. शेजारी तशीच एक बाटली, खोक्याशिवाय. ही जवळजवळ भरलेली. सासऱ्यांचं खोकल्याचं औषध? की हेच तापाचं? बारकोड खोक्यावरच होता; बाटलीच्या चिकट, फाटक्या लेबलावर मास्तरीण काही बोलेना. वास घेतला. दोन्हींना संत्र्याचाच.

सासूबाईंचा फोन बंद. नवऱ्याचा लागत नव्हता. शेजारच्या दाराला कुलूप. ती खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत येरझारा घालत राहिली. भरलेलीच तापाची असणार, मन म्हणत होतं. असणार म्हणजे काय? पोटच्या पोरीवर अंदाज करायचा?

शेवटी तिने पोरीला झोळीत बांधलं, दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या, काठी घेतली. जिने उतरली, रस्ता ओलांडला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत एरवी पावलं मोजून चालायची, आज पावलंच चुकली आणि ती पायरीला अडखळली.

"अहो ताई, फोन करायचा! पाठवलं असतं," दुकानदार काउंटरमागून धावत आला.

"धीर नव्हता हो. आधी या दोन्ही वाचा."

तिने आधी अर्धी बाटली पुढे केली. "ही मोठ्यांच्या खोकल्याची. गुंगी येते हिने. बाळाला दिली नाही ना?"

"नाही."

त्याने स्टूल पुढे सरकवलं. "भरलेली तापाचीच आहे. हीच द्या."

"नको, नवीनच द्या. सीलबंद." बाटली तिने स्वतः चाचपली, त्याच्याकडून नाव दोनदा वाचून घेतलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं माप तिथेच पोरीच्या तोंडात सोडलं.

संध्याकाळी सासू-सासरे परतले तेव्हा ताप उतरला होता, पण ती अजून घरभर फिरतच होती. ऐकून सासूबाईंचा सासऱ्यांवर पारा चढला. "किती वेळा सांगितलं, ज्याची बाटली त्याच्या खोक्यात! खोका म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

सासरे तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, मीच चुकून माझी बाटली त्या खोक्यात ठेवली. माझ्या हातून पाप घडलं असतं."

"घडलं नाही ना, बाबा," ती म्हणाली. राग मात्र आला होता, तो तिने गिळला नाही. "पण यापुढे तुमची औषधं तुमच्या खोलीत. माझ्या फळीला कोणी हात लावायचा नाही. आईंनीसुद्धा."

थोड्या वेळाने सासूबाईंनी फळीवरून सासऱ्यांच्या बाटल्या उचलल्याचा आवाज आला.

"हिचे वाळलेले कपडे कुठे ठेवू? यापुढे हिच्या वस्तूंची जागा तूच सांग," त्यांनी विचारलं. तिने जागा सांगितली. मग पाळण्याशी जाऊन पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. परत लावून पाहिला. गार होतं, तरी तिसऱ्यांदा पाहिल्याशिवाय तिला बसवेना.