हललेली फिल्म

“ही बाद.” म्हाताऱ्या सर्जनांनी उजेडाच्या पेटीवरून एक्स-रेची फिल्म उतरवली आणि टेबलापलीकडे सरकवली. “हा माणूस उभा होता की उडत होता?”

पलीकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी, म्हणजे आताची विभागप्रमुख, कात्री घेऊन बसली होती. तिने फिल्मचा वरचा कोपरा कचकन कापला आणि ती खोक्यात टाकली. बाद फिल्मचा कोपरा कापला की ती चुकूनही पुन्हा गठ्ठ्यात शिरत नाही. ही युक्ती सर्जनांचीच. या अभ्यासातले सगळेच नियम त्यांनी लिहिलेले होते, आणि ते पाळताना इतरांचे हाल बघणं हा त्यांच्या निवृत्तीतला एक निर्मळ आनंद होता.

अभ्यास पायाच्या अंगठ्यांचा होता. काही माणसांचा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाच्या अंगावर रेलायला लागतो, बुडाशी हाड बाहेर येतं, आणि मग जगातला एकही जोडा त्या पायाशी जमवून घेत नाही. असे अंगठे ऑपरेशन करून सरळ करण्यात सर्जनांचं आयुष्य गेलं. आता पाहायचं होतं ते एवढंच की सरळ केलेले अंगठे पुढे सरळ वागले का, आणि ज्यांनी ऑपरेशनला नकार दिला त्यांचे आणखी किती बिघडले. त्यासाठी जुन्या फिल्म बाहेर काढल्या होत्या. नावांवर काळी पट्टी होती, कारण पाय कुणाचा हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. कळलंच, तर त्याने तसं सांगायचं आणि ती फिल्म कायमची बाजूला काढायची. दोघांनी प्रत्येक फिल्म आपापली मोजायची, महिन्याने पुन्हा मोजायची, आकडे एकमेकांना दाखवायचे नाहीत. दोघांपैकी एकानेही बाद म्हटलं की बाद. सकाळी सर, दुपारी ती.

हॉस्पिटलात सर्जनांना पाठीमागे ‘कंपासपेटी’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. तक्रार एवढीच होती की मोजमाप करणाऱ्याला पेटी म्हणणं ढोबळ आहे, कोनमापक म्हणायला हवं होतं.

“पुढची,” ते म्हणाले आणि फिल्म पेटीवर चढवली.

डावा पाय. अंगठा चांगलाच कललेला. करंगळीच्या हाडाशेजारी एक बारीक, पांढरी, सरळ रेघ. आणि सगळ्या पायाच्या कडा पुसट, जणू कुणी ओल्या चित्रावरून बोट फिरवलं असावं.

सर्जनांचा पेन्सिलीचा हात हवेतच राहिला.

ती रेघ म्हणजे शिवणयंत्राच्या सुईचं टोक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ते त्यांच्या बायकोच्या पायात मोडलं होतं. काढून देतो म्हटलं, तर ती म्हणाली होती, “राहू दे. तुमच्याकडे एवढ्या सुया आहेत, एक माझ्याकडे असू दे.” पुढे घरी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला, विद्यार्थ्यांनाही, ही हकीकत वाढली जायची, आणि आग्रह करकरून.

“सर? बाद ना?” कात्री उघडली होती.

“नाही.”

“हललीये पण.”

“थोडीशी.”

“थोडीशी?” विद्यार्थिनी पुढे वाकली. मघाशी याच्या निम्म्याने हललेल्या दोन फिल्म सरांनी अपमान करून हाकलल्या होत्या.

“मोजता येईल. येतं मोजता. अनुभव लागतो.”

तिने फिल्मकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि कात्री मिटून ठेवली. “बरं.”

त्यांनी रेघा मारल्या, कोनमापक लावलं, आकडा लिहिला. आकडा काय आला ते त्यांनी स्वतःही पाहिलं नसावं. मग रेघा पुसल्या, नेहमीपेक्षा सावकाश.

बायकोने ऑपरेशनला शेवटपर्यंत नकार दिला. “सहा आठवडे पाय वर करून बसायचं आणि तुमच्या हातचा चहा प्यायचा? त्यापेक्षा अंगठा वाकडा बरा.” पण अभ्यासाच्या फिल्म तेव्हापासूनच जमत होत्या, आणि नकार देणाऱ्यांच्या गटात माणसं कमी पडत होती, म्हणून एक दिवस ती उपकार केल्यासारखी फोटो काढून घ्यायला आली. एक्स-रे काढणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘हलू नका’ म्हणूनच ओळखत. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. सर्जन त्यांच्यासोबत काचेमागे उभे राहिले.

“हलू नका,” ‘हलू नका’ म्हणाले.

“अहो, यांना तिकडे बघायला सांगा,” ती काचेकडे बोट दाखवत म्हणाली. “लग्न झाल्यापासून माझ्याकडे एवढं टक लावून कधी बघितलं नाही, आणि आज बघतायत ते पायाकडे!”

आणि ती हसली. तिचं हसू गालावर थांबणाऱ्यातलं नव्हतं, पार टाचेपर्यंत जायचं. नेमकी तेव्हाच कळ दाबली गेली. पुन्हा काढू म्हटलं, तर तोवर तिने जोडे चढवले होते. “एका पायाला एक फोटो. जास्त लाड नकोत.”

घरी तिचे फोटो पुष्कळ होते. एकाही फोटोत ती हसलेली नव्हती. कॅमेरा दिसला की ती शाळातपासणीला बसल्यासारखा चेहरा करायची. दाराशी तिचे जोडे अजून होते, आतल्या बाजूला अंगठ्याच्या हाडाने पाडलेल्या फुगवट्यासकट. फिल्म पेटीवर दिसली त्या दिवशी घरी गेल्यावर सर्जनांनी फुगवट्यावरून बोट फिरवलं, आणि कुणी पाहत नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. घरात कुणी पाहायला नव्हतंच.

तिची फिल्म कात्रीपासून वाचवणं सोपं होतं. त्यासाठी ओळखली एवढंच सांगावं लागलं असतं. पण मग ती मोहोरबंद पाकिटात गेली असती, आणि ते पाकीट कुणीही, विशेषतः त्यांनी, उघडायचं नाही, असाही एक नियम होता. तो लिहिताना त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. म्हणून ते गप्प राहिले. महिन्याने दुसरी फेरी होती. त्या दुपारी विद्यार्थिनीने ‘बाद’ म्हटलं नसेल, तर पाय पुन्हा दिसणार होता. म्हटलं असेल तर नाही.

तो महिना त्यांनी वाईट काढला. एकदा विसरलेली छत्री न्यायला हॉस्पिटलात गेले. छत्री त्यांच्या हातातच होती.

“सर, काही विचारायचं होतं का?” विद्यार्थिनीने विचारलं.

“छे. तू फिल्म फार कडक तपासतेस का गं हल्ली?”

“तुम्ही शिकवलंत तशीच.”

“हं,” सर्जन म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच आपण वाईट शिक्षक असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी ते वेळेच्या फार आधी येऊन बसले. विद्यार्थिनीने नवा क्रम लावून गठ्ठा समोर ठेवला आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी गेली. फिल्म येत गेल्या. शहाणे अंगठे, हट्टी अंगठे, पुन्हा जुन्या वळणावर गेलेले अंगठे. गठ्ठा पातळ होत चालला तसा सर्जनांचा मोजण्याचा वेग मंदावला. अगदी शेवटी एकच फिल्म उरली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

मग ती उचलली. वरच्या बाजूला त्यांचा अंगठा कोपरा शोधत गेला, आणि तिथे कोपरा नव्हता.

तिरका, नीट कापलेला. ही फिल्म महिन्यापूर्वी, त्याच दुपारी, बाद झालेली होती.

त्यांनी वर पाहिलं. विद्यार्थिनी पाठमोरी उभी राहून खिडकीबाहेर अतिशय लक्षपूर्वक बघत होती. बाहेर पाण्याची टाकी होती.

सर्जनांनी फिल्म पेटीवर चढवली. दिवा लागला. पुसट कडांचा तो पाय उजेडात आला, सुईसकट.



“सर, मी म्हणते, एक तिसरी फेरीही घ्यावी,” ती टाकीला म्हणाली.

“नियमात दोनच आहेत.”

“हो. माझ्या आकड्यांना दोनच पुरे. तुमच्यासाठी म्हणतेय.”

“कधी?”

“पुढच्या महिन्यात. आणि मग बघू.”

सर्जनांनी मान डोलावली. ते तिला दिसण्यासारखं नव्हतं, पण तिने कप खाली ठेवला.

“कोन किती आला, सर?”

कोनमापक त्यांच्या खिशातच होतं.

“थांब गं,” ते म्हणाले. “मोजतोय.”