रबराचे चाळीस कण

पुण्याहून पीएचडी करून आलेली निशिगंधा सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं चिखल तपासत होती. भुयार खणताना निघालेला, आठ हजार वर्षांपूर्वीच्या खाडीचा चिखल. तो आम्लात धुऊन त्यातले परागकण ती मायक्रोस्कोपखाली मोजायची. तेव्हा खारफुटी किती होती, रान किती, हे त्यावरून कळतं.

तिला इथे आणलं डॉ. चारुदत्त सबनीसांनी. बुकित बातोक या उपनगरातला फ्लॅटही त्यांनीच शोधून दिला. पहिल्याच महिन्यात तिने पाहुण्यांसमोर त्यांची चूक दाखवली होती. "सर, तो पराग नाही, नेच्याचा बीजाणू आहे." सर हसले होते.

पुढच्या आठवड्यात तिला एक अनोळखी कण सापडला. सरांनी पाहिला. "रानातलीच जात आहे गं. लिही." तसे चाळीस सापडले. तिने सगळे रानाच्या मोजणीत धरले.

दोन वर्षांनी परिषदेत तिचं भाषण संपलं आणि सर उठले. पडद्यावरच्या कणाकडे बोट करून म्हणाले, "हा रबराचा आहे. रबर ब्राझीलहून इथे येऊन जेमतेम दीडशे वर्षं झाली. आठ हजार वर्षांपूर्वी कोणी लावलं?"

हशा पिकला. वरची माती खालच्या चिखलात मिसळली होती. सगळे नमुने बाद.

"सर, मी तुम्हाला दाखवला होता!" तिने वही उघडली. 'सर म्हणाले, रानातलीच जात' हे टिपण मराठीत होतं. विभागप्रमुखांना मराठी येत नव्हतं, त्यांनी वही सरांकडेच दिली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि इंग्रजीत सांगितलं, "तिने स्वतःचा अंदाज लिहिलाय."

"खोटं बोलताय तुम्ही!"

विभागप्रमुखांनी तिला खाली बसायला सांगितलं.

बाहेर तिने त्यांना गाठलं. "का केलंत असं?"

"चारचौघांत चूक दाखवायला तुला आवडतं ना? मलाही आवडतं."

"त्यासाठी दोन वर्षं थांबलात?"

"तेव्हाच सांगितलं असतं, तर तू दुरुस्त केली असतीस."

तिचा करार वाढला नाही. कामाचा परवाना रद्द झाला, देश सोडायला महिना मिळाला. तिने तीन ठिकाणी अर्ज केले. तिन्हीकडून सरांना फोन गेले.

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "कपाट रिकामं करून जा. नवीन मुलगी येतेय."

परागकणांच्या सहाशे काचेच्या स्लाइड होत्या. फुटक्या काचा टाकायच्या डब्यात तिने एकेक ट्रे उपडा केला. सर दारात उभे होते.

"हळू," ते म्हणाले. "हात कापेल."